बारवखंडाचं स्वयंपाकघर: प्रकल्प नोंदी

८ डिसेंबर २०२४, लातूर

चित्रकादंबरीच्या कामात खाण्यापिण्यासाठी आजपासून ही वेगळी वही. कथा, पात्रं आणि नकाशाच्या फायली भाच्याच्या लॅपटॉपवर आहेत, त्यात इथलं काही मिसळायचं नाही. आमच्या काल्पनिक राज्याचं नाव बारवखंड ठरलंय. तिथं नद्या कमी आणि पायऱ्यांच्या विहिरी जास्त. मराठवाड्यात बसून लिहिणाऱ्याला दुसरं काय सुचणार!

पहिल्या प्रसंगात नायिका रात्री उशिरा एका धर्मशाळेत पोचते आणि पुढच्याच चौकटीत तिच्यासमोर वाफाळता रस्सा येतो. चित्रकार मुलीनं त्या चौकटीवर लाल पेनानं लिहून पाठवलं, "दादा, चूल कुणी पेटवली?" प्रश्न बरोबर आहे, आणि तो एकट्या आमच्या पानाला लागू नाही. डायना विन जोन्स या लेखिकेनं १९९६ मध्ये ‘द टफ गाइड टू फँटसीलँड’ नावाचं पुस्तक लिहिलं. काल्पनिक जगात सहलीला निघालेल्यांसाठी पर्यटन-मार्गदर्शिका, असं त्याचं सोंग आहे. त्या जगात जिथं जाल तिथं रस्साच मिळतो, यावर तिनं मनसोक्त टर उडवली आहे. रस्सा शिजायला तास न् तास लागतात, मोठं भांडं लागतं. पाठीवर ओझं आणि मागे शत्रू असलेला माणूस तो रानात करत बसेल का?

तेव्हा ठरलं असं की ताट काढण्याआधी सरपण, पाणी, भांडं आणि हात दिसले पाहिजेत. चौकटीत सगळं काढायची गरज नाही, पण आम्हा तिघांना ते ठाऊक असलं पाहिजे. धर्मशाळेत नायिकेला आता सकाळची भाकरी आणि ठेचलेला कांदा मिळेल. तोही म्हातारीच्या वाट्यातला.

१२ डिसेंबर

शिदोरी. नायिका पंधरा दिवस चालणार आहे, तर काय बांधून देऊ?

या बाबतीत सगळ्यांच्या ओठावर पहिलं नाव येतं ते टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ कादंबरीतल्या लेम्बासचं. एल्फ लोकांची प्रवासाची पोळी, पानात गुंडाळलेली. एक खाल्ली की माणूस दिवसभर चालतो. तिचे नियमही ठरलेले आहेत. दुसऱ्या अन्नात न मिसळता तिच्यावरच राहिलं तर तिचा गुण वाढतो आणि अंगठीच्या मोहानं बिघडलेल्या गॉलमला मात्र ती धुळीसारखी घशात अडकते. म्हणजे ती नुसती पोट भरत नाही, खाणाऱ्याची पारखही करते. पण माझं मन ‘द हॉबिट’मधल्या क्रॅमवर जास्त बसतं. सरोवरावरच्या माणसांनी केलेलं ते सुकं, टिकाऊ बिस्कीट. चवीला काही नाही, चघळत बसायचं. ते वाचताना कुणीतरी खरंच प्रवास करतंय असं वाटतं.

मावशीला फोन केला. (औशाजवळच्या गावी राहते, या वहीत ती वारंवार येणार.) म्हटलं, पंधरा दिवस चालणाऱ्या पोरीला काय द्यायचं?

"कुठं चाललीय?"

"गोष्टीतली आहे गं."

"आसू दे की. गोष्टीतलीला भूक लागत नाही व्हय? दशम्या दे. पाण्यातली भाकरी उद्याला वातड हुती, दुधात मळलेली दशमी टिकती. चार दिस झाले की मग सातूचं पीठ आन् गूळ. वाटंत पानी गावलं की कालवायचं."

पाणी गावलं की. बारवखंडात शिदोरी संपत नाही, पाणी संपतं. त्यामुळे नकाशावरच्या दोन बारवांमधलं अंतर आता सातूच्या हिशोबानं ठरेल. नकाशा बदलावा लागणार म्हणून भाचा कुरकुरतोय.

१७ डिसेंबर

आज मिरचीवरून जुंपली.

चित्रकारानं गावाचं सुंदर चित्र केलंय. माळवदं, त्यावर वाळत घातलेल्या लाल मिरच्या, अंगणात भुईमुगाच्या शेंगांचा ढीग. आमचं राज्य साधारण देवगिरीच्या यादवांच्या काळासारखं, म्हणजे बारावं-तेरावं शतक. मिरची, भुईमूग, बटाटा, टोमॅटो, मका, पेरू ही सगळी अमेरिकेतून आलेली मंडळी. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली आणि ही पिकं रुजली ती त्यानंतर पोर्तुगीजांच्या मागोमाग. ज्वारीही मूळची आफ्रिकेची, पण ती येऊन हजारो वर्षं झाली, तिला कोण बाहेर काढणार.

चित्रकाराचं म्हणणं, "जग आपलं आहे ना? मग मिरचीही आपली." याला तोडीस तोड उदाहरण टॉल्किनचंच आहे. ‘द हॉबिट’च्या १९३७च्या आवृत्तीत गँडाल्फ बिल्बोकडे गार कोंबडी आणि टोमॅटो मागतो. १९६६च्या सुधारित आवृत्तीत टोमॅटोच्या जागी लोणचं आलं. बटाटे मात्र त्याला चालले: ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये नायकाचा सोबती सॅम त्यांच्या आठवणीनं व्याकूळ होतो. म्हणजे इतिहासाची शिस्त त्यानंही सोयीनं पाळली. सॅमच्या तोंडून बटाटा काढला असता तर सॅमच उरला नसता.

तरीही मिरची काढायची यावर मी अडून राहिलो. कारण इतिहास नाही, कथानक आहे. मिरची परसात उगवते, तिला कुणी मालक नाही. मिरे घाटाखालून, कोकण-मलबाराकडून येतात. तिखट खायला मिऱ्यावाचून गत्यंतर नसेल तर तिखट ही श्रीमंतीची गोष्ट होते, मग व्यापारी, जकात आणि लुटारूही येतात. यात काही ओढूनताणून नाही. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर, असं चक्क लिहिलंय. धाराशिवजवळच्या तेरला जाऊन तिथलं लामतुरे संग्रहालय पाहिलं तर हे गाव एके काळी जगाच्या बाजारात होतं हे पटतं.

तेव्हा गरिबाघरी आंबट आणि उग्र चव राहील: चिंच, लसूण, कारळं, जवस, मोहरी. सावकाराकडे सुंठ, पिंपळी, मिरे. काळं तिखट नाही, येसर (भाजलेल्या धान्या-डाळींचं मसालेदार पीठ) आहे पण मिरचीविना, शेंगदाण्याच्या कुटाचा म्हाद्या तर नाहीच. मावशीला सांगितलं तर ती थोडा वेळ गप्पच झाली. मग म्हणाली, "आन् मानसं जगतेत तिथं?"

२२ डिसेंबर

परक्या जगातलं खाल्लं की तिथलेच होऊन राहता, हा नियम जगभर आहे. ग्रीकांची पर्सेफोनी पाताळात डाळिंबाचे दाणे खाते आणि वर्षातला काही काळ तिथं अडकते. जपानी इझानामी मृत्युलोकातलं जेवते, मग तिला परतता येत नाही. मियाझाकीच्या २००१च्या ‘स्पिरिटेड अवे’ चित्रपटात आईबाप परवानगीवाचून जेवायला बसतात आणि डुकरं होतात, पण मुलीला तिथलं काहीतरी खावंच लागतं, नाहीतर ती विरून जाईल. नियमाची ही दुसरी बाजू मला फार आवडली.

आपल्याकडे हाच नियम चौकाचौकात पडलेला असतो. उतारा. भात, लिंबू, नारळ, गुलाल. लहानपणी शाळेत जाताना त्याला वळसा घालूनच जायचं. कितीही भूक असो, त्यातल्या नारळाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. पलीकडच्यांचं जेवण ते.

पैठणच्या नाथांची गोष्ट तर हा नियम उलटाच करते. श्राद्धाचा स्वयंपाक नाथांनी दारातल्या भुकेल्या अस्पृश्यांना वाढला, ब्राह्मण रागावून उठले, तेव्हा पितर स्वतः उतरून जेवायला बसले, अशी कथा आहे. इथं माणूस परलोकात जाऊन जेवत नाही, परलोकच पैठणच्या पंगतीला येतो. बारवखंडात बारवेच्या तळाशी जे राहतात ते वर्षातून एकदा जेवायला वर येतील. हे पक्कं.

जाता जाता: सी. एस. लुईसच्या नार्निया-कथेत टर्किश डिलाइट नावाच्या मिठाईसाठी एडमंड भावंडांना दगा देतो. साध्या मिठाईसाठी एवढं, असं पूर्वी वाटायचं. पुस्तक १९५० सालचं. ब्रिटनमध्ये मिठाईवरचं रेशनिंग उठलं फेब्रुवारी १९५३ मध्ये. त्या पोरांच्या वाट्याला आलेला गोडाचा तुटवडा ध्यानात घेतला की प्रसंग वेगळाच वाचला जातो.

३० डिसेंबर, मावशीचं शेत

वेळा अमावस्या. शहरात शुकशुकाट, सगळं लातूर रानात. चित्रकाराला मुद्दाम घेऊन गेलो. तिनं सबंध दिवस जेवणाचं एकही चित्र काढलं नाही, फक्त ते रानापर्यंत येतं कसं हे काढलं. डोक्यावर आंबिलाचं बिंदगं घेतलेली मावशी, तिच्या मागे टोपली सावरणारी सून, बांधावरून घसरणारा नातू. कडब्याच्या कोपीत पाच दगड मांडलेले, चुन्यानं रंगवलेले, ते पांडव. आधी त्यांना नैवेद्य, मग रानाला फेरी मारत आंबील शिंपडायची, तेव्हा कुठं माणसं पानावर बसतात.

भज्जी जवळून पाहिली. हरभऱ्याचे घाटे, तुरीचे सोले, वाटाणा, वाल सोलायला बायका आदल्या दिवसापासून बसलेल्या. नखं हिरवी झालेली. पहाटे चुलीवर मोठं पातेलं, चिंचेचं पाणी, त्यात कालवलेलं बेसन. सतत ढवळायचं, नाहीतर गुठळ्या. मावशी ढवळताना पळी उचलून धार बघत होती. धार तुटेना झाली तेव्हा तिनं खालचं जळतं लाकूड मागे ओढलं, बाकी काही नाही. विस्तवावर ती तशीच अर्धा तास राहिली. बाजूला बाजरीचे उंडे वाफवायला ठेवलेले. आंबील आदल्या रात्रीच तयार: ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, जिरं.

काल्पनिक कादंबऱ्यांतल्या मेजवान्या बहुतेक लांबलचक मेजावरच सुरू होतात. अन्न वाहून आणणारं माणूस त्यात क्वचितच असतं. पण मेजवान्यांची वर्णनं नुसती पानं भरायला असतात, असं मी म्हणणार नाही. ब्रायन जॅक्सनं ‘रेडवॉल’ ही मुलांची कादंबरी लिहिली ते लिव्हरपूलच्या अंध मुलांच्या शाळेतल्या पोरांना वाचून दाखवायला. तिथं तो दूध पोचवायचा. न दिसणाऱ्यांसाठी लिहिलेलं म्हणून त्यात वास, चव, स्पर्श एवढा भरलेला. १९८६ साली पुस्तक आलं आणि डोळस पोरंही त्या पंगतींवर तुटून पडली. आमचं माध्यम चित्राचं, त्यामुळे आम्हाला उलटी अडचण: दिसतं सगळं, वास कुठून आणायचा? चित्रकार म्हणाली, खाणाऱ्याचा चेहरा काढायचा नाही, ज्याला अजून वाढलेलं नाही त्याचा काढायचा. पाहू.

५ जानेवारी २०२५

एवढ्या लांबच्या पुस्तकांकडे धावायचं कारण नव्हतं, गोष्टींचा आख्खा सागर आपल्या गोदावरीकाठी आहे. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ सातवाहनांच्या प्रतिष्ठानात, म्हणजे पैठणला, घडली असं परंपरा सांगते. मूळ ग्रंथ हरवला; अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं लिहिलेल्या ‘कथासरित्सागरा’तून ती आपल्याला कळते.

त्यातली ग्रंथाच्या जन्माची कथा स्वयंपाकघरातूनच जाते, आणि हे मी आजवर कुठं अधोरेखित केलेलं पाहिलं नाही. गुणाढ्यानं सात लाख श्लोक पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्तानं लिहिले. राजानं नाकारले. मग तो रानातल्या टेकडीवर अग्नी पेटवून एकेक पान वाचायचा आणि जाळायचा. रानातले पशुपक्षी भोवती जमून ऐकत राहिले, डोळ्यांतून पाणी काढत. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस कोरडं आहे. राजानं आचाऱ्यांना धारेवर धरलं. आचारी म्हणाले, आमचा काय दोष, पारधी असलंच आणतात. पारध्यांना विचारलं तर ते म्हणाले, टेकडीवर एक ब्राह्मण वाचतोय आणि जनावरं चरायचीच थांबलीत. राजा धावला तोवर सहा लाख श्लोक जळाले होते, एक लाख उरले.

राजाच्या ताटातल्या कोरड्या तुकड्यापासून आचारी, पारधी, न चरणारं हरीण, मग ऐकायला मिळालेली गोष्ट असा माग काढत मागं जायचं. काल्पनिक जगात अन्न कसं लिहावं याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

दुसरी कथा वेताळाची. तीन चोखंदळ भाऊ, त्यातला एक जेवणातला. राजाच्या घरी षड्रस अन्न पुढे आलं तरी तो नाक धरून बसला: भाताला प्रेताच्या धुराचा वास येतो. बाकीच्यांना सुवासिक भात. चौकशी केली तर ते धान स्मशानालगतच्या शेतातलं निघालं. विक्रमानं बाजी दिली ती सात गाद्यांखालचा केस टोचणाऱ्या तिसऱ्या भावाला. मी राजा असतो तर पहिल्याला दिली असती. घास तोंडात घेण्याआधी त्याला शेत दिसलं.

बारवखंडातला राजाचा चाखणारा आता असा असेल. त्याला विष कळत नाही, फक्त जमीन कळते. दरबारी लोक त्याला निरुपयोगी समजतात.

९ जानेवारी

बारवखंडात जादूनं अन्न किती पुरवावं हा प्रश्न सुटला, मुक्ताईनं सोडवला.

मुक्ताईला मांडे करायचे होते. विसोबा चाटीनं गावात कुणी खापर देऊ नये असा बंदोबस्त केला. ती रिकाम्या हातानं परतली तेव्हा ज्ञानोबांनी जठराग्नी पेटवला, पाठ तापून लाल झाली आणि तिनं त्या पाठीवर मांडे भाजले. गोष्ट आळंदीची, पण ज्ञानोबांचं घराणं पैठणजवळच्या आपेगावचं, म्हणून आमचा तिच्यावर हक्क.

आता या चमत्काराचा हिशोब मांडला तर काय दिसतं? आयते मांडे आकाशातून पडले नाहीत. कणीक तिनंच तिंबली, पुरण तिनंच वाटलं, हातावर झुलवून पातळ तिनंच केलं. नव्हतं फक्त खापर, आणि चमत्कारानं पुरवलं तेवढंच. म्हणूनच ऐकणारी प्रत्येक बाई आपल्या हातानं तो मांडा पसरू शकते.

द्रौपदीच्या अक्षय पात्राचंही तेच. सूर्यानं दिलेलं, न संपणारं, पण द्रौपदी जेवेपर्यंतच. ती अट नसती तर दुर्वास दहा हजार शिष्य घेऊन आला म्हणून कुणाला घाम फुटला नसता. याउलट रामायणात भरद्वाज ऋषी भरताच्या सगळ्या सैन्याला तपोबलानं जेवू घालतात, नद्या काय, खिरीचा चिखल काय. पण त्यातला पदार्थ आठवणीत राहत नाही, कारण कशाचीच उणीव नाही. हॅरी पॉटरच्या शेवटच्या पुस्तकात (२००७) हर्मायनी भुकेल्या मित्रांना हेच सुनावते: शून्यातून अन्न करता येत नाही. असलेलं वाढवता येतं, दुसरीकडचं आणता येतं, बदलता येतं. तंबूत राहणाऱ्या त्या तिघांची उपासमार या एका नियमामुळे खरी वाटते.

बारवखंडाचा नियम: जादू एका वेळी एकच उणीव भरेल, सरपणाची किंवा भांड्याची किंवा पाण्याची. धान्याची कधीच नाही.

१३ जानेवारी

भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोणी. काम शून्य.

१८ जानेवारी

राक्षसांच्या जेवणावर आज दोन पानं लिहून झाली. चित्रकाराला ती पटली नाहीत आणि त्यावरून झालेलं बोलणं इथं नोंदवून ठेवतो.

पुराणांत पृथ्वीभोवतीचे समुद्र खारं पाणी, उसाचा रस, मद्य, तूप, दही, दूध आणि गोडं पाणी यांचे. कल्पनेची हौस म्हणून छान. पण मला अडचण वाटते ती दुसऱ्या टोकाची, कोण काय खातं यावरून कोण वाईट हे ठरवण्याची. आपल्याकडे बकासुराला गाडाभर भात, दोन रेडे आणि वर माणूस. टॉल्किनचे ऑर्क, म्हणजे त्याच्या कथेतले राक्षसी सैनिक, कच्चं, सुकं मांस पुढे टाकतात. शत्रू आहे हे कळायला आणखी काही लागत नाही, ताट दाखवलं की झालं. र्‍योको कुई या जपानी चित्रकर्तीनं २०१४ ते २०२३ या काळात ‘डिलिशस इन डन्जन’ मालिका काढली, त्यात हे सरळ उलटवलंय. पैसे संपलेले, बहीण लाल ड्रॅगननं गिळलेली, म्हणून मंडळी भुयारातली भुतंखेतंच शिजवून खातात, आणि सेन्शी नावाचा बुटका वीर त्यांना कापायचं कसं, कडूपणा काढायचा कसा हे शिकवतो. किळस वाटणारी गोष्ट कौशल्यानं जेवण होते.

हे मराठवाड्यात बसून वाचलं की शाहू पाटोळे आठवतात. ते धाराशिव जिल्ह्यातले. ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे त्यांचं पुस्तक २०१५ सालचं, मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीवर. २०२४ मध्ये इंग्रजीतही गेलं. वाळवलेल्या मांसाच्या चान्या, तेलाविना शिजवलेलं कालवण, वरच्यांनी टाकलेल्यातून केलेली चव. जे पुराणकथेत राक्षसाच्या ताटात दाखवतात, त्यातलं बरंच काही कुणाच्या तरी आजीचा सणाचा स्वयंपाक आहे.

आणि राजेही काही कमी नव्हते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कल्याणी म्हणजे बीदरचं बसवकल्याण, औराद-निलंग्याच्या पलीकडे) यानं ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. त्यातल्या अन्नभोगात मंडक आहेत, पोलिका आहेत, इडलीच्या पूर्वजासारखी इडरिका आहे, आणि नदीकाठच्या शेतातले काळे उंदीर गरम तेलात घालून, लव काढून, कसे शिजवायचे तेही आहे. राजानं खाल्ला तर उंदीर संस्कृत श्लोकात बसतो!

माझ्या दोन पानांत बारवेतल्या जीवांना कच्च्या माशांवर तुटून पडताना दाखवलं होतं. चित्रकाराचं म्हणणं एवढंच, "दादा, त्यांनाही चूल देऊ." दिली. पाण्याखाली चूल कशी, हे आता जादूचं काम, एकच उणीव.

२३ जानेवारी

दौलताबादला एक दिवस. लष्कराच्या भटारखान्याचं दृश्य हवं होतं. छत्रपती संभाजीनगरचा नान खलिया तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी हलवली तेव्हाच्या फौजेबरोबर आला, असं तिथं सगळेच सांगतात. त्याचा कागद कुणी दाखवत नाही, पण पदार्थाचा घाट फौजेचाच आहे: मोठ्या देगीत एकदाच चढवायचं, तंदूरची नान, वाढायला वेळ नाही. हत्ती हौद पाहून चित्रकार म्हणाली, देगीपेक्षा हौद मोठा काढला पाहिजे. खरंय.

२६ जानेवारी

दुष्काळाचं प्रकरण. चुलत आजीकडे बसलो. १९७२ तिला घरातल्या लग्नांपेक्षा नीट आठवतं.

"मिलो आला व्हता रेशनला. अमेरिकेचा म्हनं. लाल जवारी. थापताना भाकर चिरायची, चव न्हाई. तरी रांगा. खडी फोडायला गेलं की सुकडी मिळायची, ती ओट्यात बांधून आनायची पोराला."

"आणि घरचं धान्य?"

"पेव व्हतं की पाटलाचं. उघडलं तवा आदी दोन दिस तसंच ठिवलं. लगीच उतरलं तर मानूस गुदमरून मरतंय आत."

पेव ही आमच्या ड्रॅगनच्या गुहेची जागा घेणार. जमिनीत खोल, आत खजिना, आणि घाईनं उतरणाऱ्याला आत साठलेली हवा मारते. राखणदाराला पंख काढायची काही गरज उरली नाही. कुणी उघडायचं, हाही प्रश्न जुनाच: मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं दुष्काळात परस्पर उघडली आणि विठ्ठलानं महाराच्या वेशात जाऊन पैसे भरले, ही कथा प्रत्येक कीर्तनात असते. त्यातही धान्य देवाचं नाही, कोठारातलंच. देवानं फक्त हिशोब मिटवला.

पाण्याबद्दल आजीला विचारायची गरज नव्हती. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. हे कादंबरीत घातलं तर वाचक म्हणेल अतिशयोक्ती झाली. म्हणून घालणारच आहोत: बारवखंडात पाण्याच्या कातडी पखालींची काफिल्यानं ने-आण होईल, आणि राजधानीतली पोरं ती बघायला वेशीवर जमतील.

२ फेब्रुवारी

प्रकाशकांचा निरोप: शेवटी पाककृतींची पानं घाला, लोकांना आवडतं. यात तथ्य आहे. जॉर्ज मार्टिनच्या वेस्टेरॉसवरचं (‘गेम ऑफ थ्रोन्स’मधलं काल्पनिक जग) अधिकृत पाककृतींचं पुस्तक २०१२ मध्ये आलं, ते मुळात दोघी वाचक मैत्रिणींनी पुस्तकातले पदार्थ घरी करून पाहायला सुरुवात केली त्यातून.

आमची अट एकच. जे पात्रांनी पानावर शिजवलंय तेवढंच द्यायचं. म्हणजे दशमी, आंबील, हुलग्याचं माडगं, मिरचीविना येसर. मांडे नाहीत, खापर मिळणार कुठं. राजाचे उंदीरही नाहीत; प्रकाशक मान्य करतील, पण भाच्याची आई नाही करणार. प्रकाशकांना भज्जीही हवीय. ती हिरव्या घाट्यांशिवाय होत नाही, त्यामुळे पुस्तक मे महिन्यात आलं तर वाचकांनी मार्गशीर्षापर्यंत थांबावं, असं त्या पानावर छापायला मी सांगितलंय.

मापं अडलीत. मावशी म्हणते "अंदाजानं". किती पीठ विचारलं तर हाताची ओंजळ करून फोनपुढे धरते. भाचा येत्या रविवारी वजनकाटा घेऊन जाणार आहे. ती ओंजळ घालेल तसं तो खाली काटा धरेल. मिरी किती ग्रॅम ते त्याच वेळी ठरवायचं, आणि चवीला बघायला चित्रकारालाही बोलावलंय. पाण्याखालच्या चुलीचं रेखाटन तिच्याकडून अजून यायचंय.